इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन: तपासणी, दुरुस्ती आणि कॅलिब्रेशन, टप्प्याटप्प्यानं

डॅशबोर्डवर सस्पेन्शनचा पिवळा दिवा लागतो. किंवा सकाळी बघावं तर गाडीचा पुढचा डावा कोपरा खाली बसलेला असतो. किंवा कालपर्यंत मऊ चालणारी गाडी एकाएकी खड्ड्यात आपटायला लागते. अशा वेळी बहुतेक ठिकाणी एकच सल्ला मिळतो: शॉकअब (शॉक अॅब्झॉर्बर) बदला. एअर सस्पेन्शनच्या एका स्ट्रटची (शॉकअब आणि हवेची पिशवी यांच्या अख्ख्या जोडणीची) किंमत अनेक गाड्यांत लाखाच्या घरात जाते, त्यामुळे हा सल्ला घाईनं मानू नये. खरा दोष पुष्कळदा स्वस्त ठिकाणी असतो: सेन्सरची तुटलेली दांडी, चिकटलेला रिले (करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच), सांध्यातून झिरपणारी हवा, हिरवा पडलेला कनेक्टर. तिथवर पोचण्यासाठी तपासणीचा क्रम पाळावा लागतो. आधी मोजायचं, मग स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारं यंत्र) लावायचा आणि सुट्या भागांची ऑर्डर सगळ्यात शेवटी द्यायची.

गाडीत नेमकं काय बसवलंय?

माहितीपत्रकातल्या नावांवर जाऊ नका. जीप कंपास किंवा महिंद्रा एक्सयूव्ही७०० मधल्या 'फ्रीक्वेन्सी सिलेक्टिव्ह डॅम्पिंग'मध्ये इलेक्ट्रॉनिक काहीच नाही. शॉकअबच्या आतली एक छोटी झडप धक्क्याच्या वेगानुसार तेलाला दुसरी वाट देते, एवढंच. तिला ना वायर, ना मोड, ना स्कॅनरवर कोड. तिची तपासणी साध्या शॉकअबसारखीच करायची.

खरी इलेक्ट्रॉनिक पद्धत पहिल्यांदा भेटते ती सेमी-अॅक्टिव्ह शॉकअबमध्ये. स्कोडा कोडियाक आणि सुपर्बमधलं डीसीसी, महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई यांच्या वरच्या व्हेरिअंटमधलं सस्पेन्शन ही त्याची उदाहरणं. यात तेलाची वाट सोलेनॉइड झडप, म्हणजे करंटवर चालणारी झडप, लहानमोठी करते. दुसरा प्रकार चुंबकीय द्रवाचा, जो २००२ च्या कॅडिलॅक सेव्हिल एसटीएसमध्ये पहिल्यांदा आला. तेलात लोखंडाचे अतिसूक्ष्म कण असतात आणि पिस्टनमधल्या कॉइलला करंट दिला की द्रव क्षणात घट्ट होतो. यात हलणारी झडप नसते. तिसरा प्रकार म्हणजे स्टीलच्या स्प्रिंगऐवजी रबराची हवेची पिशवी, म्हणजे बेलो, आणि जोडीला इलेक्ट्रॉनिक शॉकअब. मर्सिडीजनं १९९८ च्या एस-क्लासमध्ये एअरमॅटिक आणलं, तेव्हापासून महागड्या गाड्यांत हीच मांडणी रुळली. चौथा प्रकार पूर्ण अॅक्टिव्ह: चाक स्वतःच्या ताकदीनं वर-खाली ढकलणारा. विल्यम्सच्या १९९२ च्या फॉर्म्युला वन गाडीनं तो गाजवला आणि १९९४ च्या हंगामापासून शर्यतीत त्याच्यावर बंदी आली. रस्त्यावरच्या गाड्यांत तो आजही विरळाच आहे.

ओळखायला चाक काढा. शॉकअबच्या बाहेर किंवा दांड्याच्या टोकाशी वायर आलेली दिसली, तर शॉकअब इलेक्ट्रॉनिक आहे. स्प्रिंगच्या जागी काळी रबरी घडी दिसली, तर एअर सस्पेन्शन. चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मपासून चासीपर्यंत बोटाएवढी दांडी आणि तिच्या टोकाला छोटा प्लास्टिकचा डबा असेल, तर तो उंचीचा सेन्सर. पण फक्त हा सेन्सर बघून निष्कर्ष काढू नका. हेडलाइट आपोआप वर-खाली होणाऱ्या साध्या सस्पेन्शनच्या गाड्यांतही तो असतो. कम्फर्ट आणि स्पोर्टचं बटणही पुरावा नव्हे. कित्येक गाड्यांत ते फक्त स्टिअरिंग आणि अॅक्सिलरेटरचा स्वभाव बदलतं.

कॉम्प्युटर काय करतो, हे दोन स्पीडब्रेकरांवरून

दोष शोधण्यासाठी एवढा सिद्धान्त लागतोच. गाडीची बॉडी स्प्रिंगवर सेकंदाला साधारण १ ते १.५ वेळा डुलते. चाक आणि हब मात्र टायरच्या रबरावर सेकंदाला १० ते १५ वेळा थडथडतात. माणसाच्या शरीराला उभ्या दिशेचं सगळ्यात जास्त बोचतं ते ४ ते ८ हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला ४ ते ८ वेळांचं, कंपन. सस्पेन्शनला हे सगळं एकाच वेळी सांभाळायचं असतं.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोलाकार स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो आणि तो ताशी २५ किलोमीटरनं ओलांडायचा असतो. या वेगानं तो ओलांडायला अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. स्पीडब्रेकरचा उंचवटा ही अर्धीच लाट, म्हणजे गाडीला मिळणारी लाट जवळपास १ हर्ट्झची, थेट बॉडीच्या डुलण्याच्या पट्ट्यातली. सोसायटीच्या फाटकापाशी ठोकलेली फूटभर रुंदीची रबरी पट्टी त्याच वेगानं ओलांडली, तर सगळा खेळ ४३ मिलिसेकंदांत आटोपतो. हा धक्का साधारण ११-१२ हर्ट्झचा, म्हणजे चाकाच्या थडथडण्याच्या पट्ट्यातला. पहिल्यासाठी शॉकअब कडक हवा, म्हणजे बॉडी उडून पुन्हा डुलणार नाही. दुसऱ्यासाठी तो मऊ हवा, म्हणजे धक्का बॉडीपर्यंत पोचणार नाही. साध्या शॉकअबला यांतला एकच स्वभाव देता येतो. इलेक्ट्रॉनिक शॉकअब काही मिलिसेकंदांत स्वभाव बदलतो आणि त्याचे पैसे आपण त्यासाठीच मोजतो.

कधी कडक आणि कधी मऊ हे ठरवण्याचा मूळ नियम कार्नॉप, क्रॉस्बी आणि हारवुड यांनी १९७४ मध्ये मांडला. त्याला 'स्कायहूक' म्हणतात, म्हणजे बॉडी जणू आकाशाला बांधलेल्या शॉकअबनं धरून ठेवायची. बॉडी वर जातेय आणि शॉकअब लांबतोय, तर त्याचा जोर बॉडीला खाली खेचतो. तो उपयोगी असतो, म्हणून कडक. बॉडी वर जातेय पण शॉकअब दबतोय, तर त्याचा जोर बॉडीला आणखी वर ढकलेल. म्हणून मऊ. हा निर्णय घेण्यासाठी दोन गोष्टी कळाव्या लागतात: बॉडीचा वेग, जो बॉडीवरच्या अॅक्सिलरोमीटरवरून काढतात, आणि चाक व बॉडीतलं अंतर, जे उंचीचा सेन्सर सांगतो. यांतला एक सेन्सर खोटं बोलला, की शॉकअब ठणठणीत असूनही चुकीच्या वेळी कडक होतो. ग्राहक 'गाडी आपटते' म्हणतो आणि चांगला शॉकअब उगाच बदलला जातो.

एक मर्यादाही लक्षात ठेवा. शॉकअब फक्त हालचालीला विरोध करतो. घाटातल्या लांब वळणावर गाडी शेवटी किती कलणार, हे स्प्रिंग आणि अँटी-रोल बार (डावी-उजवी बाजू जोडून कलणं रोखणारा दांडा) ठरवतात. शॉकअब फार तर कलण्याचा वेग कमी करतो. स्टिअरिंग फिरताच बाहेरच्या बाजूचे शॉकअब कडक करून कॉम्प्युटर गाडी दचकू देत नाही, म्हणून ती जास्त स्थिर वाटते. कलण्याचा कोन खरोखर कमी करायचा, तर मोटर बसवलेला अॅक्टिव्ह अँटी-रोल बार लागतो.

स्कॅनर लावण्याआधी

टायरचा दाब थंड असताना दाराच्या खांबावरच्या पट्टीप्रमाणे करा. ३३ पीएसआयच्या जागी ४० भरलेलं असेल, तर जगातलं कोणतंही इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन रबरी पट्टीचा धक्का गिळू शकणार नाही, कारण टायरचा कडकपणा कॉम्प्युटरच्या हातात नसतो. चारही टायर एकाच साइजचे आणि एकाच मेकचे आहेत का ते बघा. मोठे रिम आणि पातळ टायर बसवले असतील, तर गचक्यांची तक्रार तिथंच संपली.

मग गाडी लिफ्टवर घेऊन लोअर आर्मचे बुश, बॉलजॉइंट, स्टॅबिलायझर लिंक (अँटी-रोल बारला जोडणारी छोटी दांडी) आणि टॉप माउंट तपासा. पहारीनं बुश हलवून बघा. रबर फाटून धातू धातूला लागत असेल, तर 'टक्' असा आवाज येतो. आपल्या रस्त्यांवर स्टॅबिलायझर लिंक सगळ्यात आधी जाते. तिचा खडखडाट अगदी शॉकअबसारखाच ऐकू येतो, म्हणून तिच्याकडे विशेष बघा.

बॅटरीही मोजा. इंजिन बंद असताना १२.४ व्होल्टच्या खाली असेल, तर आधी चार्ज करा. व्होल्टेज पडलं की अनेक कंट्रोल युनिट सस्पेन्शन आपणहून बंद ठेवतात आणि भलतेच कोड साठवतात.

आता स्कॅनर. तोही सस्पेन्शन युनिटपर्यंत पोचणारा हवा. इंजिनचे कोड वाचणारं स्वस्त ब्लूटूथ डोंगल इथं कामाचं नाही. कोड पुसण्याआधी लिहून काढा, आणि सोबत साठलेला वेग, व्होल्टेज आणि तारीखही टिपा. 'ओपन सर्किट' किंवा 'शॉर्ट' असा कोड वायर, कनेक्टर किंवा कॉइल दाखवतो. 'उंची गाठता आली नाही' किंवा 'कंप्रेसरचं तापमान जास्त' हे कोड परिणाम सांगतात, कारण सांगत नाहीत. नळी गळत असेल तर कंप्रेसर, म्हणजे पिशव्यांत हवा भरणारा पंप, सतत चालतो, तापतो आणि कोड कंप्रेसरच्या नावानं येतो. तो कोड वाचून नवा कंप्रेसर बसवला, तर काही महिन्यांत तोही जळतो.

रात्रभराची उंची-चाचणी

एअर सस्पेन्शनसाठी याहून चांगली चाचणी नाही, आणि तिला लागतो फक्त टेप.

सपाट फरशी निवडा. गाडी थोडी चालवून आणा, नॉर्मल उंचीवर उभी करा, स्टिअरिंग सरळ ठेवा. प्रत्येक चाकाच्या मधल्या बिंदूपासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत सरळ उभं अंतर मिलिमीटरमध्ये मोजून लिहा. जमिनीपासून मोजू नका, कारण टायरमधली हवा आणि झीज आकड्यात मिसळते. मग जॅक मोड (उंची आपोआप बदलणं थांबवणारी सेटिंग) चालू करा किंवा सस्पेन्शन युनिटचा फ्यूज काढा. हे केलं नाही, तर काही गाड्यांचा कॉम्प्युटर रात्री जागा होऊन उंची सारखी करतो आणि गळती झाकली जाते. सकाळी इंजिन सुरू करण्याआधी पुन्हा मोजा.

थंडीत थोडा हिशेब करावा लागतो. नाशिकला संध्याकाळी ३० अंशांवर उभी केलेली गाडी पहाटे १० अंशांवर आली, तर पिशवीतल्या हवेचं आकारमान साडेसहा टक्क्यांच्या आसपास आक्रसतं. गाडी सेंटिमीटरभर बसू शकते, पण चारही कोपरे जवळपास सारखेच बसतात. ही गळती नव्हे. एकच कोपरा २०-३० मिलिमीटर किंवा जास्त बसला असेल, तर त्या कोपऱ्याची पिशवी, तिच्या वरचा सांधा, नळी किंवा व्हॉल्व्ह ब्लॉकमधली (सगळ्या पिशव्यांच्या झडपांच्या ठोकळ्यातली) तिची झडप गळतेय. दोन कोपरे बरोबरीनं बसले, तर व्हॉल्व्ह ब्लॉकचा संशय वाढतो. चारही कोपरे बरेच बसले, तर ब्लॉक किंवा कंप्रेसरवरची, हवा बाहेर सोडणारी एक्झॉस्ट झडप बघा. गाडी रात्रभर जशीच्या तशी राहिली, पण चालवताना उंची चुकते? मग गळती शोधू नका, सेन्सर आणि कंप्रेसरकडे वळा.

गळतीची जागा

भांड्याचा साबण पाण्यात जरा दाट कालवा आणि स्प्रेच्या बाटलीत भरा. गाडी सर्वात उंच मोडवर न्या, म्हणजे पिशवीची घडी उलगडेल. मग इंजिन बंद करून जॅक मोड लावा आणि चासीखाली स्टँड द्या. फक्त हवेच्या पिशव्यांवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. झडप उघडली, तर गाडी सेकंदांत खाली येते.

पहिली फवारणी नळीच्या वरच्या सांध्यावर, दुसरी पिशवीच्या खालच्या घडीवर सगळ्या बाजूंनी, तिसरी व्हॉल्व्ह ब्लॉकच्या तोंडांवर. पुढच्या चाकांना स्टिअरिंग पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवून पुन्हा फवारा, कारण काही भेगा एका बाजूला वळल्यावरच उघडतात. उंच मोडवर काही दिसलं नाही, तर नॉर्मल उंचीवर पुन्हा बघा. घडी जिथं रोज मोडते ती जागा तेव्हा वेगळी येते. बारीक गळतीत बुडबुडे लगेच येत नाहीत, दोन-तीन मिनिटांनी फेसाची छोटी टोपी तयार होते. घाई केली तर ती हातातून जाते.

गाडी उभी असताना कंप्रेसरच्या एक्झॉस्टच्या तोंडाशी सतत बुडबुडे येत असतील, तर एक्झॉस्ट झडप किंवा ब्लॉक आतून गळतोय. ही गळती पिशव्यांची नव्हे.

सांधा गळत असेल, तर पिशवी बदलायची गरज नाही. आधी स्कॅनरनं त्या सर्किटमधली हवा सोडा, डोळ्यांवर चष्मा चढवा, मग नट सावकाश ढिला करा. नळीचं चरे पडलेलं टोक पाच-दहा मिलिमीटर छाटून टाका. छाटायला नळीचा कटर वापरा. पक्कडनं कापलेलं टोक चपटं होतं आणि पुन्हा गळतं. सांध्यातली पितळी रिंग नवी घाला. ती नळीत एकदाच रुतण्यासाठी बनवलेली असते.

कंप्रेसर, रिले आणि ड्रायर

कंप्रेसर सतत चालण्यासाठी केलेला नाही. काही मिनिटांत तो तापतो आणि युनिट त्याला विश्रांतीला पाठवतं. खालच्या उंचीवरून नॉर्मलला यायला निरोगी गाडीला साधारण अर्धं ते एक मिनिट लागतं. गळती नसतानाही तीन-चार मिनिटं लागली, तर पिस्टनची टेफ्लॉन रिंग झिजली आहे. क्लॅम्प मीटरनं करंट बघा. अनेक गाड्यांत तो २० ते ३० अँपिअरच्या दरम्यान असतो आणि फ्यूज ४० चा. अचूक आकडा गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या.

रिले चिकटला, तर युनिटनं थांब म्हटलं तरी कंप्रेसर फिरतच राहतो आणि जळतो. म्हणून नवा कंप्रेसर बसवताना नवा रिले बसवायचाच. काही शे रुपयांचा रिले वाचवून दुसरा कंप्रेसर जाळण्यात अर्थ नाही.

ड्रायर म्हणजे कंप्रेसरला जोडलेली सिलिका जेलची डबी. बाहेरची हवा आत येताना तिचं पाणी जेल शोषून घेतं आणि गाडी खाली येताना बाहेर जाणारी कोरडी हवा ते पाणी परत घेऊन जाते. गळकी गाडी सतत हवा आत ओढते, पण एक्झॉस्टमधून पुरेशी बाहेर सोडत नाही. त्यामुळे जेल सुकतच नाही. कोकणातल्या दमट हवेत ही साखळी फार लवकर पुढं सरकते: ओलं जेल फुटतं, त्याची पूड व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये जाते, झडपा नीट बसत नाहीत आणि आतली गळती सुरू होते. म्हणजे दुर्लक्षित राहिलेला एक सांधा वर्षभरात तीन महागडे भाग खातो. कंप्रेसर बदलताना नळीतून पांढरी पूड निघाली, तर ब्लॉकही बदला आणि नळ्या कोरड्या हवेनं फुंकून घ्या.

गाडी साचलेल्या पाण्यातून गेली असेल, तर कंप्रेसरच्या हवेच्या जाळीची जागा शोधून ती ओली आहे का ते बघा. ओली असेल, तर सुकेपर्यंत उंची बदलू नका.

उंचीचा सेन्सर

स्वस्तातला भाग, पण सगळ्यात जास्त गोंधळ यानंच होतो. लोअर आर्मला जोडलेल्या दांडीचे छोटे बॉलजॉइंट चिखलानं घट्ट होतात आणि एक दिवस दांडी मोडते किंवा उलट्या बाजूला पालथी होते. मग कॉम्प्युटरला एक कोपरा कायम खाली दिसतो आणि तो त्याला वर उचलत राहतो.

दांडी हातानं हलवून बघा, ती मोकळी फिरली पाहिजे. बहुतेक सेन्सरना ५ व्होल्ट मिळतात आणि ते ०.५ ते ४.५ व्होल्टच्या दरम्यान उत्तर देतात. नॉर्मल उंचीला आकडा मधल्या भागात, अडीचच्या आसपास असतो. स्कॅनरच्या लाइव्ह डेटात उंची बघत दांडी काढून सेन्सरचा हात सावकाश पूर्ण फिरवा. आकडा सलग बदलला पाहिजे. मध्येच उडी मारली किंवा अडकला, तर सेन्सर बाद.

इलेक्ट्रॉनिक शॉकअबची परीक्षा

मडगार्ड दाबून गाडी किती वेळा डुलते हे बघण्याची जुनी परीक्षा इथं लावू नका. करंट नसताना शॉकअब कोणत्या स्वभावात राहणार, हे बनावटीवर अवलंबून असतं. सोलेनॉइडवाले अनेक शॉकअब मध्यम-कडक अवस्थेत जातात, तर चुंबकीय द्रवाचे मऊ पडतात. पार्किंगमध्ये मऊ लागलेला चुंबकीय शॉकअब पूर्ण निरोगी असू शकतो.

कनेक्टर काढून कॉइलचा रेझिस्टन्स मोजा. तो साधारण एक ते तीन ओहमच्या घरात असतो. एकट्या आकड्यापेक्षा डाव्या-उजव्याची तुलना जास्त सांगते. एका बाजूला २.२ आणि दुसऱ्या बाजूला अनंत, म्हणजे कॉइल किंवा वायर तुटली. आधी वायर संशयित धरा, कारण स्टिअरिंगबरोबर दिवसभर वाकणारी तीच असते. कॉइल 'चालते का' हे बघायला तिला थेट १२ व्होल्ट देऊ नका. दोन ओहमवर १२ व्होल्ट म्हणजे ६ अँपिअर, आणि सोलेनॉइड बनलेलं असतं दोनेक अँपिअरसाठी. चांगला शॉकअब तुमच्याच हातानं जळेल.

दांड्याजवळ तेलाचा पातळ ओलसर थर आणि त्यावर धूळ दिसणं चालतं. तेल ओघळून खालच्या अर्ध्या भागापर्यंत आलं असेल, तर शॉकअब गेला. बदलताना एका अॅक्सलचे दोन्ही बदला, नाहीतर ब्रेक लावताना डावी-उजवी बाजू वेगळी वागते.

एअर स्ट्रट बसवताना

पिशवी खरोखर फाटलीच असेल, तर क्रम असा. जॅक मोड चालू करा, बॅटरीला चार्जर लावा, स्कॅनरनं तो कोपरा रिकामा करा, गाडी चासीच्या ठरलेल्या जागी उचला. कनेक्टर आणि नळी सोडवा आणि नळीचं तोंड लगेच बंद करा, धुळीचा एक कण झडप बिघडवायला पुरतो. वरचे नट शेवटी काढा. नवा स्ट्रट बसवून नळी जोडा, पण खालच्या बुशचे बोल्ट आत्ता पूर्ण घट्ट करू नका. लटकलेल्या चाकावर घट्ट केलेला बुश गाडी खाली येताच पिळला जातो आणि काही महिन्यांत फाटतो. ते गाडीच्या नॉर्मल उंचीलाच घट्ट करायचे.

सगळ्यात महाग चूक इथंच होते. रिकाम्या पिशवीवर गाडीचं वजन टाकलं, तर रबर चुकीच्या जागी दुमडतं आणि नवी पिशवी पहिल्याच दिवशी कापली जाते. गाडी हवेत असतानाच स्कॅनरनं पिशवी भरा, घडी सगळीकडून गोल पडली का ते हात फिरवून बघा, आणि मगच गाडी हळूहळू खाली घ्या.

हवेऐवजी स्टीलच्या स्प्रिंगचा किट बसवण्याचा सल्ला वारंवार दिला जातो. तो आम्हाला पटत नाही. त्या स्प्रिंगचा कडकपणा त्या गाडीच्या शॉकअबशी आणि ईएसपीशी (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेशी) जुळवलेला नसतो. वेगानुसार उंची कमी होणं थांबतं आणि दिवा विझवायला बसवलेला रेझिस्टर खरे दोषही लपवतो.

कॅलिब्रेशन

सेन्सर, स्ट्रट, लोअर आर्म किंवा कंट्रोल युनिट यांतलं काहीही काढलं-घातलं, तर हे टाळता येत नाही. टायरचा दाब बरोबर करा, डिकी रिकामी ठेवा, दारं बंद, आत कोणी बसू नये. फरशी खरोखर सपाट हवी. चारही कोपऱ्यांची चाकाच्या मधोमधपासून मडगार्डपर्यंतची उंची मोजा आणि स्कॅनर मागेल तशी भरा. युनिट स्वतःचा शून्य बिंदू ठरवून घेईल. नंतर गाडी थोडी पुढे-मागे चालवून पुन्हा मोजा. डाव्या-उजव्यात ५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक राहिला, तर प्रक्रिया पुन्हा करा. चुकीचा आकडा भरला तरी युनिट तक्रार करत नाही, ते चुकीची उंची प्रामाणिकपणे सांभाळत बसतं.

यानंतरच व्हील अलाइनमेंट करा. उंची बदलली की कॅम्बर आणि टो हे चाकांचे कोन बदलतात, त्यामुळे आधी केलेली अलाइनमेंट वाया जाते आणि टायर आतल्या कडेला खाल्ले जातात. त्यानंतर हेडलाइटची पातळी. गाडीत लेन पाळणारा कॅमेरा किंवा रडार असेल, तर शेवटी त्याचं कॅलिब्रेशन, कारण गाडी पुढून एक अंश जरी वाकली तरी १०० मीटरवर कॅमेऱ्याची नजर पावणेदोन मीटरनं हलते.

चालवताना आणि सांभाळताना

रोजच्या वापराला ऑटो किंवा नॉर्मल मोड सगळ्यात चांगला. कम्फर्ट मोड शहरातल्या खड्ड्यांना आणि काँक्रीटच्या सांध्यांना उत्तम आहे, पण वेगात लाटांसारख्या रस्त्यावर बॉडी तरंगायला लागते. मागं बसलेल्यांना मळमळतं ते अशाच संथ डुलण्यानं. आंबोली किंवा वरंध घाटात मुलांना उलटी होत असेल, तर मोड मऊ करण्याऐवजी एक पायरी कडक करून बघा. उंच मोड फक्त खराब पट्ट्यापुरता वापरा. पिशवी वर ताणलेली असताना चाकाला खाली जायला जागा उरत नाही आणि खड्ड्यात चाक लटकून 'धाड' आवाज येतो.

धुताना सर्व्हिस सेंटरला दोन गोष्टी ठणकावून सांगा. गाडीखाली डिझेल किंवा जुनं ऑइल फवारू नका, कारण तेलानं पिशवीचं रबर फुगतं आणि मऊ पडतं. आणि गंजरोधक कोटिंग मारताना पिशव्या, सेन्सरच्या दांड्या आणि शॉकअबचे कनेक्टर झाकून घ्या. घडीत अडकलेली वाळू रबराला सॅंडपेपरसारखी घासते. महिन्यातून एकदा गाडी उंच मोडवर नेऊन साध्या पाण्याच्या हलक्या धारेनं घड्या धुवा. प्रेशर वॉशरचं तोंड जवळ नेऊ नका.

जुनी गाडी विकत घेताना मालकाला आदल्या रात्री गाडी सपाट जागी उभी करून ठेवायला सांगा, आणि सकाळी तुम्ही पोचेपर्यंत ती सुरू न करायला सांगा. इंजिनचा बॉनेट गरम लागला, तर चाचणी वाया गेली असं समजून दुसरा दिवस मागा. चारही उंची मोजा, मग इंजिन सुरू करून कंप्रेसर किती वेळ चालतो ते घड्याळावर बघा. सर्वात खालच्या उंचीपासून सर्वात वरच्या उंचीपर्यंत एकदा न्या आणि परत आणा. स्कॅनरवर जुने, पुसलेले कोड पुन्हा येतात का हे बघायला किमान वीस-पंचवीस किलोमीटर चालवा आणि मगच किमतीची बोलणी सुरू करा.